झाडावरची करवत घेताना

पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटण्यासाठी यंत्रकरवत घ्यायचा विचार अनेक सोसायट्या आणि बागायतदार करतात. पण जमिनीवर चालवायची करवत वेगळी आणि झाडावर चालवायची वेगळी. पैसे मोजण्यापूर्वी काय पाहावे?

मे महिना अर्धा सरला की सोसायटीच्या सभेत एक विषय हमखास निघतो. कुंपणालगतच्या गुलमोहोराच्या फांद्या गाड्यांवर आलेल्या असतात, पहिल्याच वादळात एखादी कोसळेल ही भीती असते. दरवर्षी माणूस शोधत फिरण्यापेक्षा एक मशीनच घेऊन टाकू, असे कोणीतरी सुचवतो. मग चिटणीस आणि खजिनदार दुकानात जातात. समोर मांडलेल्या यंत्रांपैकी सर्वांत लहान, सर्वांत हलके यंत्र त्यांच्या मनात भरते. घरच्या माणसालाही चालवता येईल, असे त्यांना वाटते. नेमकी इथेच चूक होते. हे यंत्र म्हणजे टॉप हँडल चेन सॉ, आणि ते नवख्या हातासाठी बनवलेलेच नसते.

हलकी म्हणजे सोपी नव्हे

नेहमीच्या चेन सॉची मूठ मागच्या बाजूला असते. टॉप हँडलमध्ये ती इंजिनाच्या वर असते. त्यामुळे यंत्र आटोपशीर होते, दोरीला टांगले तरी तोल राखते आणि फांद्यांच्या बेचक्यात सहज फिरते. दोरी-पट्ट्याच्या आधाराने झाडावर काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसासाठी ही सोय मोठी आहे.

पण या सोयीची किंमतही आहे. पात्याच्या टोकाचा वरचा भाग चालू असताना फांदीला लागला, तर करवत क्षणार्धात उसळून माणसाच्या तोंडाकडे येते. मागच्या मुठीच्या करवतीत दोन्ही हातांमध्ये बरेच अंतर असते, म्हणून हा झटका आवरायला जोर मिळतो. टॉप हँडलमध्ये दोन्ही मुठी जवळजवळ असतात, त्यामुळे तो जोर मिळत नाही. त्यातून यंत्र हलके, म्हणून एका हाताने चालवायचा मोह होतो. निर्मात्यांच्या माहितीपुस्तिका मात्र दोन्ही हातांनीच धरा, असे बजावतात. जमिनीवर पडलेले लाकूड कापायचे असेल तर मागच्या मुठीची करवतच घ्यावी.

भरवसा कशावर?

तीस फूट उंचीवर फांदी अर्धी कापून झाली आहे आणि यंत्र बंद पडले. माणूस एका पायावर भार देऊन पुन्हा पुन्हा दोरी ओढतो, दमतो, चिडतो. यंत्र एकदाचे सुरू झाले की पुन्हा बंद पडायच्या आत काम उरकायची घाई करतो. अपघाताला अशीच वेळ लागते. म्हणून झाडावरच्या करवतीचा भरवसा हा केवळ पैसा वसूल होण्याचा प्रश्न नाही, वर चढलेल्या माणसाच्या जिवाचा आहे.

चांगल्या कंपन्यांची पेट्रोलवरची टॉप हँडल यंत्रे साधारण २५ ते ४० सीसीची असतात. छापील वजन बहुधा पाते, साखळी आणि इंधन सोडून असते, हे ध्यानात ठेवावे. पाते बारा-चौदा इंचांचे पुरते. लांब पाते म्हणजे जास्त काम, हा समज झाडावर खरा ठरत नाही.

दुकानात करायच्या चाचण्या

यंत्र विक्रेत्याकडून चालवून घ्यावे आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

* थंड असताना सुरू होणे पुरेसे नाही. गरम झाल्यावर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगावे.
* अॅक्सिलरेटर सोडल्यावर साखळी स्थिर राहिली पाहिजे.
* पुढची ढाल पुढे ढकलताच ब्रेक लागून साखळी तत्क्षणी थांबली पाहिजे.
* पात्याचे टोक कोऱ्या कागदासमोर धरून यंत्र चालवले की कागदावर तेलाचे शिंतोडे दिसावेत. ते दिसले नाहीत तर साखळीला तेल पोचत नाही, असे समजावे.
* साखळी, पाते, प्लग, फिल्टर हे सुटे भाग गावात मिळतात का आणि दुरुस्ती कोण करतो, हे विचारावे. हुबेहूब दिसणारे स्वस्त यंत्र याच प्रश्नावर अडते.

घरी आणल्यावरही निगा हवीच. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल माहितीपुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच मिसळावे. कापताना कपच्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, की साखळी बोथट झाली असे समजून कानस चालवावी. बोथट साखळीवर जोर द्यावा लागतो आणि तोल जातो.

पेट्रोल की बॅटरी?

आता बॅटरीवरची टॉप हँडल यंत्रेही मिळतात. ती बटण दाबताच सुरू होतात, धूर करत नाहीत, आवाजही कमी. वस्तीतल्या छाटणीला ती सोयीची आहेत. मात्र दिवसभराच्या कामाला जादा बॅटऱ्या लागतात आणि त्यांचा खर्च धरूनच हिशेब करावा. साखळी मात्र तितकीच धारदार असते, हे विसरू नये.

करवतीच्या आधी

झाड आपल्या आवारात असले तरी छाटणीपूर्वी परवानगी लागू शकते. महाराष्ट्राच्या शहरी भागांत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, दिल्लीत १९९४ चा. आपल्या पालिकेच्या उद्यान विभागात आधी चौकशी करावी. फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर वीज कंपनीला कळवल्याशिवाय हात लावू नये.

चढणाऱ्यासाठी हेल्मेट, चष्मा, कानांचे संरक्षण, संरक्षक पँट आणि मजबूत बूट हवेत. कापताना तो दोन ठिकाणी बांधलेला असावा. करवतीने एक दोरी चुकून कापली, तर दुसरी त्याला धरून ठेवते. खाली एक जाणता सोबती असावा आणि मुले, गाड्या दूर असाव्यात.

हा सगळा खर्च मांडला की वर्षातून एकदा लागणारे यंत्र विकत घेणे बहुतेक सोसायट्यांना परवडत नाही. त्यापेक्षा साधने आणि अनुभव असलेला माणूस बोलवावा. मनगटाएवढ्या, जमिनीवरून हाताला येणाऱ्या फांद्यांना चांगली हातकरवत पुरते. घासाघीस करायचीच असेल तर ती दरात करावी. चढणाऱ्याच्या दुसऱ्या दोरीत करू नये.