आखाजीचा डाव आणि पानांची निवड

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आम्हां खानदेशकरांचा मोठा सण. अमळनेरांत व भोंवतालच्या खेड्यांत त्या दिवशीं माहेरवाशिणी झोक्यांवर बसून गाणीं म्हणतात, पितरांच्या नांवें घागर भरली जाते, सालदारांचा जुना करार संपून नवा ठरतो; आणि पुरुषमंडळी ओट्यावर सतरंजी पसरून तीन पत्तीचा डाव मांडतात. सुशिक्षित घरांतून या डावाचें नांव काढणेंहि गैर मानितात. तथापि एका प्रसंगानें आम्हांस त्यावर लिहिणें भाग पडलें आहे.

आमचा एक पुतण्या, गणितांत हुषार व नुकताच नोकरीस लागलेला, सणास घरीं आला असतां पांच सोबत्यांच्या डावांत बसला, आणि पहिल्या पगारांतून आईच्या साडीसाठीं राखलेली रक्कम घालवून दिवेलागणीस परतला. त्याचा प्रश्न मात्र विचार करण्याजोगा होता. "काका, ते तर पानें न पाहतांच पैसे टाकीत होते. मी डोकें चालवून खेळलों. मग मीच कसा हरलों?"

रागें भरण्याऐवजीं आम्ही त्यास कागद घेऊन हिशेबास बसविलें. बावन्न पानांतून तीन पानें २२,१०० प्रकारांनीं येऊं शकतात. त्यांत तीन सारखीं पानें ५२, एकाच रंगाचा क्रम ४८, साधा क्रम ७२०, नुसता रंग १,०९६ आणि जोडी ३,७४४ प्रकारांनीं येते. उरलेले १६,४४० प्रकार, म्हणजे शेंकडा ७४, केवळ फुटकळ.

पुतण्यानें ज्या पानांवर जोर धरला, तीं एक्का, राजा, गुलाम अशीं होतीं. जोडीवांचूनच्या पानांत हीं सर्वांत वरचीं खरीं. प्रतिस्पर्धी एकच असेल, तर तीं शंभरांपैकीं सुमारें ७४ वेळां जिंकतात. परंतु पांचहि जण पानें न टाकतां बसून राहिले, तर त्यांतील एकाजवळहि जोडी किंवा त्याहून वरचें कांहीं नसण्याचा संभव शंभरांत अवघा २३. उलट एक्क्यांची जोडी एकापुढें सुमारें ९१ वेळां आणि पांचांपुढेंहि सुमारें ६४ वेळां टिकते. होल्डेम नांवाच्या पोकरांतहि हाच न्याय. तेथें आरंभींच्या दोन पानांत एक्क्यांची जोडी सर्वश्रेष्ठ. पण एकापुढें ८५ वेळां जिंकणारी ती जोडी पांचांपुढें सुमारें ४९ वेळांच जिंकते. तात्पर्य, जपून खेळणाऱ्यांत जीं पानें बळकट, तींच सैल हाताच्या मंडळींत दुबळीं ठरतात. तेथें मोठी जोडी किंवा त्याहून वरचें येईपर्यंत पानें टाकीत राहावें, आणि तें आलें म्हणजे संकोच न करितां चाल वाढवावी. कारण पैसे देणारे पांचजण समोर बसलेलेच असतात.

त्याची दुसरी चूक भय दाखविण्याची. फुटकळ पानांवर मोठी चाल करून समोरच्यास पळविणें ही या खेळांतील प्रसिद्ध युक्ति. परंतु ज्यानें स्वतःचींच पानें पाहिलीं नाहींत, त्यास दुसऱ्याच्या पानांचें भय कोठून वाटणार? शिवाय पानें पाहून खेळणाऱ्यास न पाहणाऱ्याच्या दुप्पट पैसे घालावे लागतात. म्हणजे तो शहाणपणाचें मोल प्रत्येक फेरीस दुपटीनें देत होता.

महाभारतांतील नलोपाख्यान वाचकांच्या परिचयाचें आहे. ऋतुपर्णानें बेहड्याच्या झाडावरील पानें व फळें नजरेनेंच मोजून सांगितलीं, आणि नलास अक्षहृदय दिलें. द्यूताचें मर्म मोजण्यांत आहे, हें प्राचीनांस ठाऊक होतें. परंतु त्याच नलानें पुष्कराकडून राज्य परत मिळविल्यावर त्यास क्षमा केली व डाव तेथेंच थांबविला, हें आपण विसरतों.

हें सांगणें अशासाठीं कीं, वरील हिशेब शेंकडों डावांत खरा होतो. एका दुपारीं तो खरा होईलच असें नाहीं. १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रमीस मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलें. तीन पानांच्या खेळास मात्र निव्वळ दैवाच्या खेळांत गणिलें. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाहि अद्याप लागू आहे. म्हणून हातीं आलेल्या पानांपैकीं कोणतीं ठेवावीं याच्या आधीं, घरांतील कोणता पैसा डावापासून दूर ठेवावा, ही निवड झाली पाहिजे. पुतण्याची खरी चूक ओट्यावर बसण्यापूर्वींच झाली होती.

हें त्यास पटलें. त्या रात्रीं त्यानें आईस सर्व खरें सांगितलें. ती माउली रागावली नाहीं. "जुनी नेसेन, पण पुन्हां लपवूं नकोस," एवढेंच म्हणाली. पुढील आखाजीस त्यानें सकाळींच साडी आणून देवापुढें ठेविली, आईनें ती नेसल्यावर मोजके पैसे घेऊन तो ओट्यावर गेला, आणि बहुतेक वेळ पानें टाकीत बसला.