दहावीनंतर सैन्यदलाची वाट : विद्यार्थी व पालकांसाठी काही माहिती

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून ठरावीक नावे ऐकू येऊ लागतात : अभियांत्रिकी, वैद्यकीय, हॉटेल व्यवस्थापन, बँक, नाहीतर परदेश. ह्या यादीत सैन्यदलाचे नाव सहसा नसते. वास्तविक १९९० ते १९९३ ह्या काळात भारताचे लष्करप्रमुख असलेले जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज हे मुंबईत जन्मलेले व मुंबईच्याच शाळेत शिकलेले. तरीही आपल्या धर्मग्रामांतील मुले ह्या क्षेत्राकडे क्वचितच वळतात. त्यामागे अनिच्छेपेक्षा माहितीचा अभाव अधिक आहे, असे आम्हांस वाटते. माहिती मिळते तेव्हा बहुधा वय उलटून गेलेले असते.

बारावीनंतर अधिकारी होण्याचा प्रमुख मार्ग म्हणजे पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, अर्थात एनडीए. तिची प्रवेशपरीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. उमेदवार अविवाहित असावा लागतो व अभ्यासक्रम सुरू होताना त्याचे वय साधारणतः साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे असावे लागते. बारावीत शिकत असतानाही अर्ज करता येतो. म्हणजे सामान्य विद्यार्थ्याच्या हाती तीन-चार संधी असतात. 'आधी पदवी होऊ दे, मग बघू' असे म्हणणाऱ्यांसाठी हे दार कायमचे बंद होते. पदवीनंतर सीडीएस परीक्षेचा मार्ग उरतो खरा, परंतु तो निराळा.

येथेच दहावीनंतरच्या शाखानिवडीचा प्रश्न येतो. नौदल व हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय आवश्यक आहेत. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते. हे वाचून कला शाखेचे विद्यार्थी निश्चिंत होतात, आणि फसतात. कारण लेखी परीक्षेतील ३०० गुणांची गणिताची प्रश्नपत्रिका सर्वांना सारखीच असून तिचा आवाका बारावीपर्यंतचा आहे. दुसरी प्रश्नपत्रिका ६०० गुणांची, त्यांपैकी २०० इंग्रजीला. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असतात, मराठीत नसतात. म्हणून ज्याच्या मनात सैन्यदल आहे त्याने अकरावीत गणित सोडू नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

लेखी परीक्षेनंतर येते ती सेवा निवड मंडळाची मुलाखत. तिलाही ९०० गुण आहेत. 'मुलाखत' हा शब्द तसा अपुराच, कारण हा सुमारे पाच दिवसांचा मुक्काम असतो. पहिल्याच दिवशी चाचणी होऊन अनेकांना परत पाठविले जाते. उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, गटचर्चा, मैदानावर गटाने सोडवायच्या अडचणी व व्यक्तिगत मुलाखत असा क्रम चालतो. येथे पाठांतर उपयोगी पडत नाही. चार अनोळखी मुलांबरोबर एखादी फळी खड्ड्यापलीकडे नेताना तुम्ही दुसऱ्याचे ऐकता का, न रागावता आपले म्हणणे मांडता का, हे पाहिले जाते. भाषा इंग्रजीच हवी असे नाही. तथापि इंग्रजी बोलण्याची भीती गेलेली बरी. पुढे वैद्यकीय तपासणी होते. डोळे, कान, दात, सपाट तळवे ह्यांची पाहणी आधीच एखाद्या डॉक्टरांकडून करून घ्यावी. शिवाय अंगावर गोंदवून घेण्याची हौस तूर्त आवरावी.

खडकवासला येथे तीन वर्षांचे शिक्षण मिळते व जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी हाती येते. शिक्षण, निवास व भोजनाचा खर्च शासन करते. त्यानंतर भूदलाचे छात्र डेहराडूनला, नौदलाचे एळिमला येथे आणि हवाई दलाचे पुढील प्रशिक्षणासाठी जातात.

मुलींच्या पालकांनी पुढील माहिती विशेष लक्षपूर्वक वाचावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर एनडीएचे दार मुलींना खुले झाले. २०२२ साली मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतील १७ जणी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. मुलींच्या जागा अद्याप थोड्या आहेत, म्हणून स्पर्धा अधिक तीव्र आहे. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे 'नीट'च्या गुणांवर पुढील निवड होते व त्या बदल्यात सेवेचे बंधन स्वीकारावे लागते.

महाराष्ट्र शासनाने आपल्या मुलांसाठी १९७७ साली औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था सुरू केली. दहावीच्या वर्षीच तिची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. निवड झालेल्या मुलांचे अकरावी-बारावीचे शिक्षण व एनडीएची तयारी तेथे एकत्र होते. मुलींसाठी अशी संस्था २०२३ पासून नाशिक येथे आहे. आमच्या मते राज्यातील मराठी माध्यमाच्या मुलांना ह्याहून चांगली सोय नाही, आणि तिच्याविषयी एवढे अज्ञान असावे ही खेदाची बाब आहे.

त्याहून लहान मुलांसाठी सैनिकी शाळा आहेत. सातारा येथील शाळा १९६१ साली सुरू झाली. प्रवेश सहावीत व नववीत मिळतो. म्हणजे आठवीत शिकणाऱ्यालाही एक संधी असतेच. मात्र कोणत्याही शाळेच्या नावात 'सैनिकी' शब्द असल्याने एनडीएत जागा राखून मिळत नाही. परीक्षा सर्वांना एकच. 'हमखास निवड' अशी जाहिरात करून मोठे शुल्क घेणाऱ्या वर्गांपासून पालकांनी सावध राहावे.

ज्यांना अभियांत्रिकीची ओढ आहे त्यांच्यासाठी भूदल व नौदलाच्या बारावीनंतरच्या तांत्रिक योजना आहेत. त्यांत 'जेईई मेन'चे गुण पाहिले जातात व एनडीएची लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. सेवा निवड मंडळाची मुलाखत मात्र द्यावीच लागते.

आता अग्निपथ योजनेविषयी. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ह्या योजनेनुसार जवान म्हणून भरती होणाऱ्यांची सेवा चार वर्षांची असते. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये, त्यांतील ३० टक्के निधीत जमा, शासनाची तेवढीच भर, आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये, असे तिचे स्वरूप जाहीर झाले. जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना पुढे नियमित सेवेत घेतले जाते. उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही. बावीस-तेविसाव्या वर्षी घरी परतलेल्या तरुणाने पुढे काय करावयाचे, ह्याचा विचार भरतीपूर्वीच व्हावयास हवा. केवळ दहावीच्या बळावर जाण्यापेक्षा बारावी पूर्ण करून जावे, म्हणजे परतल्यावर शिक्षणाचा धागा तुटलेला नसतो. मोठी रक्कम एकदम हाती येते, तीही घराच्या दुरुस्तीत किंवा लग्नात संपू नये म्हणून पालकांनी आधीच बोलून ठेवावे.

धोक्याविषयीही मौन बाळगणे बरे नव्हे. धोका केवळ सीमेवर असतो असे नाही. प्रशिक्षणातच जायबंदी होऊन एनडीए सोडावी लागलेल्या छात्रांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नसे, म्हणून उपचारांचा भार कुटुंबांवर पडे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्याची स्वतःहून दखल घेतली व त्याच महिन्यात अशा छात्रांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेण्याचा निर्णय झाला. मुलाला पाठविताना आईवडिलांना हे ठाऊक असावे.

शेवटी एक किरकोळ वाटणारी, पण अनेकांना नडणारी बाब. लोकसेवा आयोग जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरूनच धरतो. प्रतिज्ञापत्र किंवा नगरपालिकेचा दाखला तेथे चालत नाही. आपल्याकडे तर शाळेत एक आडनाव, आधारपत्रावर त्याचेच दुसरे स्पेलिंग आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरे, असा प्रकार सर्रास आढळतो. नाव व जन्मतारखेची दुरुस्ती दहावीचा परीक्षा अर्ज भरण्यापूर्वी शाळेतच करून घ्यावी.