गाईड नको, लेखणी द्या! कॉलेजात नाटक कशासाठी शिकवायचे?

मोहोळच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून घेणाऱ्यांची गर्दी असते. त्यात अडाणी म्हातारे असतात, तसे पदवीधर तरुणही असतात. असाच तालुक्यातील एका गावचा तरुण मागील वर्षी आमच्याकडे आला. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला. गावात रस्त्याच्या वादातून त्याच्या वडिलांना जातीवरून शिव्या देऊन मारहाण झाली होती. फिर्याद नोंदली गेली होती, पण ती लिहिली होती दुसऱ्याने. 'आम्हास जातीवाचक शिवीगाळ करून मारहाण केली', एवढे एकच वाक्य! कोठे, किती वाजता, कोणासमोर, कोणते शब्द वापरले, काहीच नाही.

आम्ही त्याला म्हणालो, 'कागद बाजूला ठेव. काय झाले ते तोंडाने सांग.' आणि तो सांगू लागला. पारावर कोण कोण बसले होते, दुधाची गाडी कधी आली, पहिला शब्द कोणी उच्चारला, त्यावर वडील काय म्हणाले, कोण हसले, कोणी मान खाली घातली. प्रत्येकाचा आवाज काढून त्याने सारा प्रसंग आमच्यापुढे उभा केला. आमच्या कारकुनाने हातातले काम थांबवले. आम्ही विचारले, 'हे असेच लिहून का दिले नाहीस?' तो म्हणाला, 'वकीलसाहेब, असं लिहायचं असतंय व्हय? कॉलेजात असं कधी लिहायलाच लावलं नाही.'

त्या उत्तराने आम्ही अंतर्मुख झालो. तीन वर्षे मराठी साहित्य शिकलेल्या मुलाला आपल्या बापावरचा अन्याय लिहिता येत नाही, हा दोष त्या मुलाचा आहे काय?

कायदा काय मागतो ते वाचकांनी समजून घ्यावे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्यातील कलम ३(१) च्या (आर) आणि (एस) या पोटकलमांनुसार अपमान किंवा जातीवाचक शिवीगाळ लोकांच्या नजरेसमोर घडलेली असावी लागते. २०२० साली हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेल्या शिवीगाळीला हे कलम लागत नाही असे सांगितले. म्हणजे स्थळ, वेळ, हजर माणसे आणि तोंडचे नेमके शब्द यांवर खटला उभा राहतो किंवा पडतो. हे तपशील पहिल्या फिर्यादीत नसले आणि पुरवणी जबाबात आले, की आरोपीचा वकील उठून म्हणतो, 'हे मागाहून रचलेले आहे.' त्या तरुणाच्या प्रकरणात आम्हाला आज हीच लढाई लढावी लागत आहे.

आता नाटकाची वही उघडून पहा. सुरुवातीला काय लिहिलेले असते? स्थळ, वेळ, पात्रे. त्यानंतर कोण काय बोलले ते त्याच्याच शब्दांत. जे नाटक शिकवते तेच न्यायालय मागते! म्हणूनच कॉलेजात लेखन आणि नाटक शिकवण्याचा प्रश्न हा आमच्या दृष्टीने करमणुकीचा नाही, तो न्यायाचा प्रश्न आहे.

आपल्या महापुरुषांनी हे फार आधी ओळखले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. भोळ्या कुणबी नवराबायकोला भटजी कसा लुबाडतो ते त्यांनी संवादांतून दाखवले, आणि शेवटी त्या दोघांना शाळेच्या वाटेला लावले. तिसरे रत्न म्हणजे विद्येचा तिसरा डोळा. हे नाटक दक्षिणा प्राईज कमिटीने नाकारले आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडावे लागले. सव्वाशे वर्षे! एका नाटकाची व्यवस्थेला एवढी धास्ती का वाटावी, याचा विचार मराठी नाटकाचा इतिहास शिकवणाऱ्यांनी करावा.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढले. त्या कॉलेजला त्यांनी नाव दिले मिलिंद. राजा मिलिंद प्रश्न विचारतो, भिक्खू नागसेन उत्तरे देतात. एका सम्राटाला प्रश्न विचारताना कमीपणा वाटत नाही आणि एका भिक्खूला सम्राटापुढे भीती वाटत नाही. संवादावर उभे असलेले नाव कॉलेजला देण्यामागे बाबासाहेबांची दृष्टी होती.

त्याच मिलिंद कॉलेजचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी बाबासाहेबांच्या प्रेरणेने 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. अस्पृश्यांवरील अन्यायाची युगानुयुगांची कहाणी त्यात होती. १९५५ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर सादर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दिवशी, नागपुरात त्याचा प्रयोग प्रचंड जनसमुदायासमोर झाला. ज्यांच्या आईबापांनी शाळेची पायरी पाहिली नव्हती ती मुले आपलाच इतिहास रंगमंचावर बोलत होती. याच मिलिंद कॉलेजात अध्यापन केलेल्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी पुढे 'अस्मितादर्श' चालवून खेड्यापाड्यांतील कित्येक तरुणांना लिहिते केले. चांगला मास्तर आणि मोकळा वर्ग असला की काय होते त्याचा हा पुरावा आहे.

आणि आज? नाटक अभ्यासक्रमाला असते, पण ते 'स्वभावचित्रण करा', 'वाङ्मयीन वैशिष्ट्ये सांगा' या प्रश्नांपुरते. मूळ पुस्तक न वाचता मुले गाईड पाठ करतात. परीक्षा झाली की गाईड रद्दीत! तासिका तत्त्वावर काम करणारा प्राध्यापक मानधनाची वाट पाहत आज या गावात, उद्या त्या गावात धावतो. त्याच्याकडून एकेका मुलाची वही तपासण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? शिवाय मुलगा घरची भाषा बोलला की 'शुद्ध बोला' म्हणून त्याचे तोंड बंद केले जाते. प्रमाण मराठी आलीच पाहिजे, त्याशिवाय कचेरीत आणि न्यायालयात निभाव लागत नाही. पण जे ऐकले ते जसेच्या तसे लिहिण्याचा हक्कही त्याला हवा. शिवी 'शुद्ध' करून लिहिली तर पुरावाच नाहीसा होतो!

मग काय करावे? फार खर्च लागत नाही. पहिले, प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेला एक प्रसंग दोन पानांत संवादरूपाने लिहावा. एस.टी.तला, रेशन दुकानातला, पाणवठ्यावरचा. दुसरे, तो वर्गात मोठ्याने वाचला जावा. ऐकणाऱ्याला कळले नाही ते पुन्हा लिहावे. तिसरे, विरोधी पात्राची बाजूही त्यानेच लिहावी. समोरचा कसा विचार करतो हे ज्याला लिहिता येते त्याला उलटतपासणीची भीती राहत नाही. वाचायला बाबासाहेबांच्या आठवणींचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे. त्यातील मसूर स्टेशनचा प्रसंग पहा. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. आरडाओरडा नाही, विशेषणे नाहीत, तरी वाचणारा हादरतो. प्रेमानंद गज्वी यांच्या 'घोटभर पाणी'ला दोनच पात्रे लागतात, नेपथ्याचा खर्च नाही. दत्ता भगत यांच्या 'वाटा पळवाटा'मध्ये काका, सतीश आणि अर्जुन यांच्यात चळवळीच्या मार्गावरून वाद होतो. आपसात मतभेद असताना कसे बोलावे, हे आम्हा कार्यकर्त्यांनाही त्यातून शिकता येईल!

पालक विचारतील, 'नाटकाने पोट भरते का?' रास्त प्रश्न आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. आता केवळ गोल काळे करून भागणार नाही, स्वतःच्या शब्दांत मुद्दा मांडावा लागेल. ज्याने कॉलेजात एकही पान स्वतःहून लिहिले नाही तो तेथे काय लिहिणार?

सगळे सरकारवर आणि संस्थाचालकांवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. जयंतीच्या वर्गणीतून डीजे लागतो. त्याच वर्गणीतून मुलांनी लिहिलेली एकांकिका का बसू नये? बुद्धविहारात रविवारी दोन तास लेखनाचा वर्ग का भरू नये? निवृत्त शिक्षक, वकील, प्राध्यापक यांनी पाळीपाळीने यावे. मोहोळमध्ये असा वर्ग भरला तर पहिल्या रविवारी आम्ही कोरे कागद घेऊन हजर राहू. तो तरुणही येणार आहे. त्याने वडिलांचा तो प्रसंग लिहायला घेतला आहे. पहिल्या ओळीत स्थळ आणि वेळ लिहूनच!

जयभीम!