खाडीकाठची शेती आणि फोटोची नोंद



उधाणाच्या भरतीत खारबंधाऱ्याला खांड जाते, एका रात्रीत शेतात खारे पाणी पसरते आणि सकाळी सारा गाव बांधावर जमतो. हे नुकसान सर्वांना दिसते. परंतु त्याआधी चार-पाच वर्षे बंधाऱ्याच्या आतल्या अंगाला ओल धरत असते, उघाडीची झडप नीट बसत नसते, खेकड्यांची बिळे वाढत असतात आणि कोपऱ्यातल्या एका खाचरात भाताची रोपे दरवर्षी थोडी अधिक पिवळी पडत असतात. त्या वाटेने रोज जाणाऱ्याला हे दिसत नाही, कारण डोळ्यांना सवय होते.

अशा हळू होणाऱ्या बदलाची नोंद ठेवण्यास फोटो हे स्वस्त व चांगले साधन आहे. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाल्यानंतर शेतात उभे राहून मोबाईलवर फोटो काढणे बहुतेकांना सवयीचे झाले आहे. मात्र पिकाचा फोटो काढणे वेगळे आणि पाण्याचा व किनाऱ्याचा फोटो काढणे वेगळे. पीक सकाळी असते तसेच संध्याकाळी असते. खाडी तशी नसते.

याबाबतची माझी स्वतःची चूक सांगतो. पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी एका खाडीच्या बंधाऱ्याचे सहा महिने फोटो काढले होते. पहिल्या फोटोत बंधाऱ्याच्या बाहेर रुंद चिखलपट्टी व तिवरांची रांग दिसत होती. शेवटच्या फोटोत चिखलपट्टी नाहीशी झाली होती आणि पाणी बंधाऱ्याला टेकले होते. खाडीने काठ खाल्ला, असा निष्कर्ष मी काढला आणि गावच्या बैठकीत तो मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला. मागे बसलेल्या एका वयस्क शेतकऱ्यांनी विचारले, ‘‘सर, हा फोटो कुठल्या तिथीचा?’’ मला सांगता आले नाही. वहीत तारीख होती, वेळ नव्हती. नंतर पंचांग काढून पाहिले तेव्हा पहिला फोटो अमावास्येनंतरच्या मोठ्या ओहोटीचा व शेवटचा भरतीचा असावा, असे ध्यानात आले. काठ होता तिथेच होता. सहा महिन्यांचे काम वाया गेले.

भरती-ओहोटीची वेळ धरून फोटो काढावा

आपल्या किनाऱ्यावर दिवसात साधारणपणे दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, म्हणजे भरतीचे पाणी जास्त चढते व ओहोटीला जास्त उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, त्या वेळी चढउतार कमी असतो. मुंबईच्या बाजूला पावसाळ्यातील मोठ्या उधाणाचे पाणी ५ मीटरच्या आसपास जाते. दक्षिणेकडे, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे, ही उंची कमी होत जाते.

भरतीची वेळ काढण्याचा आपल्या कोळी बांधवांचा हिशेब फार सोपा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणून पहाटे व दुपारी ३ च्या सुमारास भरती. अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता. त्यापुढे सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा हिशेब समुद्रकिनाऱ्याचा आहे. खाडीत आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते, तेव्हा आपल्या गावाचा फरक एकदा प्रत्यक्ष पाहून वहीत लिहून ठेवावा.

या हिशेबातून फोटोची वेळ आपोआप ठरते. समजा बंधाऱ्याचा बाहेरचा पायथा, दगडी पिचिंग व चिखलपट्टी यांची नोंद ठेवायची आहे. त्यासाठी ओहोटी हवी आणि उजेडही चांगला हवा. चतुर्थीला सकाळी ९ च्या पुढे ओहोटी असते आणि ऊन अजून तिरपे असते. म्हणून दर महिन्याच्या एकाच चतुर्थीला, त्याच वेळी फोटो काढावा. याउलट गळती पाहायची असेल तर अमावास्या किंवा पौर्णिमेची दुपार गाठावी. त्या वेळी बाहेर पाणी सर्वांत उंच असते व बंधाऱ्याच्या आतल्या उतारावर पाझर कोठे फुटतो ते दिसते. दुपारचे डोक्यावरचे ऊन फोटोला वाईट, हे खरे आहे. पण सकाळी फोटो सुंदर येईल आणि पाझर दिसणार नाही. अशा वेळी छत्री धरून सावली करावी आणि ओल्या जागेचा जवळून फोटो घ्यावा.

तारखेपेक्षा तिथी लिहिणे येथे जास्त उपयोगाचे आहे. दोन्ही लिहावे हे उत्तम.

जागा एकच ठेवावी

फोटोंची तुलना करायची तर ते एकाच जागेवरून, एकाच दिशेने व एकाच उंचीवरून काढलेले असावेत. हे तंत्र जुने आहे. आल्प्स पर्वतातील हिमनद्यांचे फोटो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याच रीतीने पुन्हापुन्हा काढले गेले आणि बर्फ किती मागे हटला ते त्यावरून मोजता आले. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या दोन पुळणींवर २०१७ साली ‘कोस्टस्नॅप’ नावाचा उपक्रम सुरू झाला. तेथे मोबाईल ठेवण्यासाठी पोलादी खाचा बसविल्या आहेत. येणारा-जाणारा कोणीही आपला मोबाईल त्या खाचेत ठेवून फोटो काढतो व पाठवतो. जागा व दिशा ठरलेली असल्याने शेकडो अनोळखी माणसांनी काढलेले फोटोही एकमेकांशी ताडून किनाऱ्याची रेषा काढता येते.

आपल्याला पोलादी खाचेची गरज नाही. बंधाऱ्यावर किंवा वाडीच्या गडग्यावर एक जांभ्याचा चिरा पक्का बसवावा, त्यावर रंगाने बाण काढावा आणि मोबाईल त्या चिऱ्यावर टेकवूनच फोटो घ्यावा. चौकटीत न हलणाऱ्या किमान दोन वस्तू याव्यात : उघाडीचे दगडी बांधकाम, देवळाचा कळस, समोरच्या डोंगराचा सडा. झाड हे खुणेला धरू नये, ते वाढते आणि वादळात पडते. मोबाईलवर दोन बोटांनी चित्र मोठे करण्याची सवय असते, ती येथे टाळावी. क्षितिजाची रेषा सरळ ठेवावी. मापासाठी दर १० सेंटीमीटरला लाल-पांढरा रंग दिलेली काठी चौकटीत उभी करावी. काठी नसेल तर विळा चालेल, मात्र दर वेळी तोच.

समोर तिवर आडवे येतात म्हणून ते तोडू नयेत. कांदळवन तोडण्यास बंदी आहे आणि लाटांचा मार बंधाऱ्याआधी तेच सोसतात. चिरा दहा पावले बाजूला बसवावा. मात्र बंधाऱ्याच्या आत, भाताच्या खाचरात तिवराची रोपे उगवू लागली तर त्यांचा फोटो त्याच दिवशी घ्यावा. खारे पाणी आत येऊन राहू लागल्याची ती खूण आहे. रायगड जिल्ह्यात खांडी वेळेवर न बांधल्यामुळे भातशेतीत कांदळवन उभे राहिल्याची उदाहरणे आहेत. तेथे ही जमीन कोणत्या वर्षापर्यंत पिकत होती, हा प्रश्न पुढे येतो, आणि त्याचे उत्तर जुन्या फोटोंतून मिळू शकते.

पांढऱ्या थराने फसू नये

खार जमिनीवर डिसेंबरपासून पुढे ओलावा वर चढतो, पाणी उडून जाते आणि मीठ वर राहते. मे महिन्यात पांढरा थर सर्वांत जास्त दिसतो. पावसाळ्यात तो धुऊन जातो. त्यामुळे मे मधला फोटो व ऑगस्टमधला फोटो शेजारी ठेवून जमीन सुधारली असे म्हणणे बरोबर नाही. या वर्षीचा मे व पुढच्या वर्षीचा मे यांचीच तुलना करावी. पुळणीचेही तसेच आहे. पावसाळ्यातील लाटा वाळू ओढून नेतात आणि नंतरच्या शांत हंगामात ती पुष्कळशी परत येते.

शिवाय थर किती पांढरा दिसतो हे मोबाईलवरही अवलंबून असते. मोबाईल उजेड व रंग आपल्या मनाने बदलतो. खाडीच्या पाण्याचा गढूळपणाही म्हणूनच फोटोवरून ठरवू नये. त्यासाठी सन १८६५ मध्ये इटलीतील शास्त्रज्ञ सेकी यांनी वापरलेली युक्ती आजही चालते : पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडावी व ती दिसेनाशी होते ती खोली मोजावी. घरातील जुनी पांढरी थाळी व खाली बांधलेला दगड एवढ्यावर काम भागते.

विहिरीचे पाणी : फोटोत आकडाही हवा

किनाऱ्याजवळच्या वालुकामय जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. शास्त्रीय हिशेबाप्रमाणे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. म्हणजे जास्त उपशाने वरची पातळी १ फूट उतरली तर कालांतराने खालचे खारे पाणी सुमारे ४० फूट वर येऊ शकते. जांभा व काळ्या पाषाणात हे प्रमाण असेच राहत नाही, पण दिशा तीच असते. समुद्राच्या पाण्याची विद्युत वाहकता सुमारे ५० डेसिसायमन प्रति मीटर असते. शंभर भाग विहिरीच्या पाण्यात २ भाग समुद्राचे पाणी मिसळले तरी वाहकता सुमारे १ ने वाढते. ओलिताच्या पाण्याची वाहकता ०.७५ पर्यंत असेल तर सहसा अडचण येत नाही. २.२५ च्या वर गेली तर ते पाणी नेहमीच्या ओलितास योग्य नसते. जमिनीचे पाहिले तर मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता ३ च्या पुढे गेल्यावर साध्या भाताचे उत्पादन घटू लागते व पुढील प्रत्येक एककामागे सुमारे १२ टक्क्यांनी कमी होते. पनवेल-१, २, ३ यांसारखे क्षार सहन करणारे वाण आहेत ते याचसाठी.

हे सारे विहिरीच्या फोटोत दिसत नाही. खारे व गोडे पाणी सारखेच निळे दिसते. म्हणून पाण्याचा नमुना घेताना फोटो असा घ्यावा की विहिरीचा कठडा, बाटलीवरची चिठ्ठी व वाहकता मीटरवरील आकडा हे तिन्ही एकाच चौकटीत येतील. पंप थोडा वेळ चालवून मग नमुना घ्यावा. बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळून काठोकाठ भरावी. मीटरच्या काचेवर आभाळाची चकाकी पडते, तेव्हा त्यावर टोपीची सावली धरावी. एकदा गॉगल घालून मीटर पाहिल्यावर आकडाच दिसेना, म्हणून मीटर बिघडला असे समजून आम्ही परत फिरलो होतो! काही गॉगलच्या काचांमधून असा पडदा काळा दिसतो, हे नंतर कळले. दोरीने मोजलेली पाण्याची पातळीही त्याच चिठ्ठीवर लिहावी.

वादळाआधीचा फोटो

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मंडणगड व दापोली या भागांतील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. माझ्या मामांची वाडी त्यातच गेली. वाटा मोकळ्या करण्यासाठी पडलेल्या पोफळी पहिल्या आठवड्यातच तोडून बाजूला ओढल्या होत्या. पंचनामा करताना मूळ झाडे किती होती हे सांगणे अवघड झाले. वाडीचा एकही फोटो घरात नव्हता. शेवटी मामेबहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये, वरातीच्या मागे, पोफळींच्या चार रांगा दिसल्या. त्यावरून रांगा मोजल्या, अंतर ताडले आणि आकडा काढला. तो अल्बम पंचनाम्याला चालला की नाही हा भाग वेगळा. मामींना मात्र तो पुन्हा उघडवेना.

तेव्हा दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी वाडीच्या चारही कोपऱ्यांतून आत तोंड करून एकेक फोटो काढावा. समुद्राच्या बाजूचा सुरूचा पट्टा, वाळूची टेकाडे व त्यांवरील मर्यादवेल यांचेही फोटो घ्यावेत. मर्यादवेल व केवडा वाळू धरून ठेवतात. टेकाडाचा पायथा तुटू लागला की ते या फोटोत आधी दिसते. केळशीसारख्या ठिकाणी वाळूची मोठी टेकडी सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे, तिचे सूर्यास्ताचे फोटो पुष्कळ निघतात, पायथ्याचे फारसे कोणी काढत नाही.

किनाऱ्यावर खारा तुषार भिंगावर बसतो व फोटो धुरकट येतो. प्रत्येक वेळी स्वच्छ सुती कापडाने भिंग पुसावे. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठविल्यास तो लहान होतो व त्यातील वेळ व जागेची माहिती निघून जाते. म्हणून तो कागदपत्राच्या पर्यायातून पाठवावा आणि मूळ फोटो जपून ठेवावा. मोबाईल पाण्यात पडतो, हरवतो. वर्षातून एकदा महत्त्वाचे फोटो छापून वहीत चिकटवावेत व मागे पेन्सिलीने नोंद लिहावी. नोंद लांबलचक नको. नमुना म्हणून : ‘चिरा क्र. २, उघाडीकडे तोंड. वैशाख शुद्ध चतुर्थी, सकाळी ९.२०, ओहोटी. झडपेखाली बोटभर फट. आतल्या बाजूला ओल काठीच्या तिसऱ्या पट्ट्यापर्यंत, गेल्या वर्षी दुसऱ्यापर्यंत.’