पंपाचं औषध घशात नको, छातीत हवं

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या हिंगणघाटच्या जिनिंगकडे लागतात, चुलीत पऱ्हाटी जळू लागते आणि जामच्या चौरस्त्यावर नागपूर, हैदराबाद, चंद्रपूरकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ गार हवेत तिथेच रेंगाळते. दमा असलेल्या लेकरांना हे दिवस जड जातात. डॉक्टर पंप लिहून देतात आणि घरी आजी म्हणते, "पंप नको, सवय लागते. गोळीच बरी."

हिशोब उलटा आहे. धाप कमी करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. २ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या वीसपट. गोळी रक्तातून अंगभर फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध थेट श्वासनळ्यांत उतरतं. मात्र ते तिथवर पोचलं पाहिजे.

घोळ इथेच होतो. पंप थेट तोंडात दाबला की फवारा वेगानं घशावर आदळतो. पफ आणि श्वास यांचा मेळ मोठ्यांनाही साधत नाही. म्हणून मुलांना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, हवाच, आणि चार-पाच वर्षांखालच्यांना त्यावर मास्कही. पंप हलवा, मास्क नाकातोंडावर घट्ट बसवा, एकच पफ द्या आणि पाच-सहा श्वास घेऊ द्या. दुसरा पफ पंप पुन्हा हलवूनच. रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध फारसं जात नाही. आधी मांडीवर घेऊन शांत करा. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या. फडक्यानं घासला तर स्थिर विजेमुळे औषध प्लास्टिकलाच चिकटतं.

स्पेसर परवडत नाही, हे कारण मला पटत नाही. ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, फटी बंद करून केलेला स्पेसरही मुलांच्या अटॅकमध्ये विकतच्याइतकाच उपयोगी पडतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं.

सगळ्यात महागात पडते ती वेगळीच चूक. धाप लागल्यावर घ्यायचा पंप वेगळा, रोजचा स्टेरॉइडचा वेगळा. लेकरू हसतं-खेळतं दिसलं की घरचे रोजचा पंप बंद करतात आणि पुढचा अटॅक ओढवून घेतात. तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. घेतल्यावर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात बुरशी येते.

दम्यासोबत नाकाचा स्प्रेही दिला असेल, तर तो मारताना मान मागे टाकू नका, किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरा, म्हणजे नळीचं टोक मधल्या पडद्याकडे न जाता बाहेरच्या बाजूला राहतं आणि रक्त येणं टळतं. जोरानं ओढलं तर औषध घशात उतरतं. स्टेरॉइड स्प्रेचा गुण यायला काही दिवस लागतात. चोंदलेलं नाक चटकन मोकळं करणारे थेंब मात्र तीन-चार दिवसांपलीकडे नकोत. नाक आणखीच चोंदतं.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंप गाडीच्या डिकीत ठेवू नका. पुढच्या वेळी सेवाग्रामला किंवा हिंगणघाटच्या रुग्णालयात जाल तेव्हा पंप-स्पेसर सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर वापरून दाखवा. बरगड्या आत ओढल्या जात असतील, बोलताना शब्द तुटत असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर पंप देत-देतच १०८ ला फोन लावा.