दार्जिलिंगचा गारवा आणि नाचणीचा सौदा

यंदाच्या स्मरणिकेसाठी बाजारभाव, करपद्धती किंवा बाजार समितीचे नियम यांपैकी एखाद्या विषयावर मी लिहावे, अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती. या विषयांवर गेली कित्येक वर्षे मी लिहीत आलो आणि वाचकांनी ते सौजन्याने सहन केले. सबब या खेपेस विषय बदलण्याची मुभा मागून घेतली. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्हा उभयतांना दार्जिलिंगला जाण्याचा योग आला. चाळीस वर्षे धान्याच्या पेढीवर बसलेल्या माणसाने हिमालयाचे वर्णन करू नये. तो अधिकार कवींचा आहे. परंतु आपली मंडळी आता तीर्थयात्रेप्रमाणेच हवापालटासाठीही दूरदूर जाऊ लागली आहेत. त्या डोंगरी शहरात कसे हिंडावे, काय प्यावे आणि काय पिऊ नये, एवढे सांगण्याइतका अनुभव पदरी पडला आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशीची एक हकीकत मात्र आधी सांगितली पाहिजे. बेळगावच्या रविवार पेठेत सायंकाळी पेढी आवरत असता एक जुना दलाल तीनशे क्विंटल नाचणीची मागणी घेऊन आला. भाव बाजारापेक्षा क्विंटलमागे दोनशे रुपयांनी चढा आणि रक्कम रोख. इतका चढा भाव कोणत्या पिठाच्या गिरणीला परवडतो, असे मी सहज विचारले. तेव्हा त्याने दबक्या आवाजात सांगितले की, माल नाचणीपासून मद्य तयार करणाऱ्या एका नव्या कारखान्यासाठी हवा आहे. मी गप्प राहिलो. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, आपण मद्य विकत नाही, धान्य विकतो. पोते दुकानाबाहेर गेले की त्याचे काय होते, हे आजवर आपण कधी विचारले आहे?" प्रश्न बिनतोड होता. परत आल्यावर काय ते सांगतो, असे म्हणून मी उठलो आणि हा विषय बरोबर घेऊनच दार्जिलिंगला गेलो.

कोलकात्याहून रात्रीच्या गाडीने न्यू जलपायगुडीस उतरावे. तेथून वर जाण्यास मोटारी मिळतात. परंतु ज्यांना सवड आहे त्यांनी निदान थोडा प्रवास तरी छोट्या आगगाडीने करावा. ही दोन फुटी रुळांची गाडी १८८१ साली दार्जिलिंगपर्यंत पोहोचली. १९९९ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्या माथेरानच्या गाडीची ही थोरली बहीणच; माथेरानची १९०७ सालची. दातेरी रुळांचे साह्य न घेता ही गाडी चढते. कोठे वळसा घालून स्वतःच्याच मार्गावरून जाते, तर कोठे पुढे-मागे होत नागमोडी वर सरकते. संपूर्ण ८८ किलोमीटरांच्या प्रवासात दिवस मोडतो आणि पावसाळ्यात दरडी कोसळून मार्ग बंदही पडतो. म्हणून आम्ही दार्जिलिंगहून घूमपर्यंतची वाफेच्या इंजिनाची फेरी पसंत केली. घूम स्थानक ७,४०७ फुटांवर आहे. वाटेत रस्त्याकडेची दुकाने इतकी जवळून जातात की, आमच्या सौभाग्यवतींना एका वाण्याच्या दुकानातील मसुरीचा भाव डब्यातूनच वाचता आला.

शहर सुमारे ६,७०० फूट उंचीवर वसले आहे. रस्ते चढउताराचे. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी चौरस्त्याजवळच उतरावे, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सपाट फिरणे होते. चौरस्त्यावर नेपाळी कवी भानुभक्त यांचा पुतळा आहे. तेथून टेकडीला वळसा घालणारा मॉल रस्ता हे वृद्धांसाठी उत्तम फिरणे. टेकडीच्या माथ्यावर महाकालाचे स्थान आहे. तरुणांसाठी तिस्तेत तराफ्यांचा खेळ असतो. मात्र ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममधील हिमसरोवर फुटून त्या नदीने केलेला हाहाकार ध्यानी ठेवावा आणि स्थानिकांनी नको म्हटले तर हट्ट करू नये. चहाच्या मळ्यांवरून जाणारा आकाशपाळणाही आहे. २००३ च्या अपघातानंतर तो अनेक वर्षे बंद होता. आम्ही त्यात बसलो नाही. का, ते सौभाग्यवतींना विचारावे.

गिर्यारोहण संस्थेत मात्र अर्धा दिवस अवश्य घालवावा. १९५३ साली एव्हरेस्ट सर झाल्यावर पुढच्याच वर्षी ही संस्था निघाली आणि तेनसिंग नोर्गे तेथे प्रत्यक्ष शिक्षण देऊ लागले. १९८६ साली त्यांचा अंत्यविधीही तेथेच झाला. तेथील एक कथा मनात घर करून राहिली. २५ मे १९५५ रोजी जो ब्राऊन व जॉर्ज बँड हे दोघे कांचनगंगेच्या माथ्याशी पोहोचले. परंतु शिखर पवित्र असल्याने त्यावर पाय ठेवणार नाही, असा शब्द सिक्कीमच्या राजाला दिलेला होता. म्हणून ते काही फुटांवरून परत फिरले. तेथे पाहावयास कोणी नव्हते, की पावती मागणारे कोणी नव्हते.

ते शिखर आम्हांस दोन दिवस दिसले नाही. पहाटे साडेतीनला उठून टायगर हिलवर जावे, शेकडो माणसांत कुडकुडावे आणि धुके पाहून परतावे, हाच क्रम. तिसऱ्या दिवशी सकाळी निवासाच्या खिडकीतून सौभाग्यवतींनी हाक मारली, "अहो, आधी इकडे या!" मी दात घासत होतो. त्याच अवस्थेत जे पाहिले, त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आता पेयांकडे वळू. प्रथम पाणी, कारण सर्वांत महाग तेच ठरले. शहराला पाणी येते ते मुख्यतः सेंचलच्या तलावांतून. हे तलाव इंग्रजी अमदानीत, आजच्या मानाने फारच लहान वस्तीसाठी बांधलेले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १,१८,८०५ होती. उन्हाळ्यात कित्येक घरे व निवासगृहे टँकरचे पाणी विकत घेतात. हे कळल्यावर बादलीभर गरम पाण्याचा हट्ट सोडून दिला. पिण्यासाठी 'तातो पानी' मागावे. 'तातो' हा आपल्या 'तप्त'चाच वंशज. उकळलेले पाणी पिण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांची या दोन शब्दांवर कोठेही सोय होते. थंड मुलूख असल्याने कोणाला नवलही वाटत नाही.

रात्रिभोजनाचा त्याग असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दार्जिलिंग फार पूर्वेस असल्याने तेथे सूर्यास्त आपल्या बेळगावपेक्षा सुमारे पाऊण तास आधी होतो. पहिल्या दिवशी आपल्याकडील वेळेच्या हिशेबाने आम्ही सायंकाळी सहानंतर जेवणास गेलो, तो बाहेर अंधार! उपाशी निजलो. दुसऱ्या दिवसापासून बाजारातील एका मारवाडी खाणावळीत साडेचारलाच पान मांडण्याची विनंती केली. मालकाने कारण विचारले नाही, तो समजला.

चहाची गोष्ट मोठी आहे. १८४१ च्या सुमारास डॉक्टर कॅम्पबेल यांनी येथे चहाची रोपे लावून पाहिली आणि पुढच्या दशकात मळे उभे राहू लागले. आज सत्त्याऐंशी मळ्यांना दार्जिलिंग हे नाव वापरण्याचा अधिकार आहे. शहरालगतच्या हॅपी व्हॅली या १८५४ सालच्या मळ्यात कारखाना पाहू देतात. पाने सुकवणे, वळणे, हवेने लाल होऊ देणे आणि भाजणे, एवढाच खटाटोप. परंतु चार-साडेचार किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो, हा हिशेब ऐकून माझ्यातील व्यापारी जागा झाला. पहिल्या बहराचा चहा मार्च-एप्रिलचा. तो दूधसाखरेविना घ्यावा; पाणी फार उकळते नसावे आणि तीन मिनिटांवर पाने ठेवू नयेत. सौभाग्यवतींनी एक घोट घेऊन "हा चहाचा नमुना आहे, चहा कधी येणार?" असे विचारले. मला मात्र तिसऱ्या दिवशी गोडी लागली. जूनच्या दुसऱ्या बहरात द्राक्षासारखा जो गंध येतो, तो पानांना चिमुकल्या किडी चावल्यामुळे, असे तेथे सांगितले. आपल्या धर्मात अशा चवीला काय म्हणावे, हे मुनिमहाराजांनाच विचारावे लागेल.

आपल्यासारख्यांनी जाणण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. दार्जिलिंगच्या नावावर जगात जितका चहा खपतो, तितका तेथे पिकत नाही. एके काळी एक कोटी किलोंच्या वर असलेले उत्पादन अलीकडे पाऊण कोटीच्याही खाली आले आहे. झाडे म्हातारी, पाऊस लहरी, मजूर बाहेरगावी. त्यात २०१७ सालच्या १०४ दिवसांच्या बंदमध्ये ऐन हंगाम बुडाला आणि जुनी गिऱ्हाइके दुसरीकडे वळली. शेजारच्या नेपाळचा चहा स्वस्तात आणून त्यावर दार्जिलिंगचे नाव घालणारे आहेत, ही तक्रार सर्वांच्या तोंडी होती. तुरीच्या डाळीत लाखीची डाळ मिसळणाऱ्यांना आपण काय म्हणतो? २००४ साली या चहाला भौगोलिक नामाचे संरक्षण मिळाले, असे संरक्षण मिळवणारा देशातील हा पहिला माल. म्हणून घेताना पुडीवरील अधिकृत शिक्का पाहावा आणि फार स्वस्त देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

तिबेटी चहा लोणी व मीठ घालून घुसळलेला असतो. नवनीत आपल्याला वर्ज्य. तेव्हा तो आम्ही घेतला नाही. मोही म्हणजे आपले ताक. ते मिळाले तर सोडू नये.

पाचव्या दिवशी माने भंज्यांगला गेलो. दार्जिलिंगहून हे ठाणे सुमारे २६ किलोमीटर आहे. तेथून संदकफूकडे जाणारी सिंगलीला डोंगररांगेची वाट निघते. संदकफू सुमारे बारा हजार फूट उंच; तेथून एव्हरेस्ट, कांचनगंगा, ल्होत्से व मकालू ही चारही शिखरे दिसतात म्हणे. आमच्या वयाने तुमलिंगपर्यंतच मजल मारली, तीही सत्तर वर्षांच्या एका लँड रोव्हर गाडीतून. तिच्या हाडांचा आवाज आमच्या हाडांपेक्षा मोठा होता. दोन्ही बाजूंस गुरांसाची तांबडी फुले होती.

रात्री जेथे उतरलो, त्या घरच्या वृद्ध मालकिणीस सर्वजण 'आमा' म्हणत. तिने मला 'दाजु', म्हणजे थोरला भाऊ, म्हणून बसवले आणि पितळी पट्ट्यांचे एक लाकडी भांडे समोर ठेवले. त्यात तांबूस, फुगलेले दाणे काठोकाठ भरले होते. वरून कढत पाणी ओतून तिने बांबूची नळी खोवली. हीच तोंग्बा. "कोदो हो," ती म्हणाली. आपल्याकडील कोद्रा मला ठाऊक आहे. हा तो नव्हे. मी दोन दाणे तळहातावर घेऊन चोळले आणि चकित झालो. ती नाचणी होती! नेपाळीत नाचणीलाच कोदो म्हणतात. चाळीस वर्षे ज्या दाण्यांत हात घातला, ते आठशे कोसांवर असे सामोरे आले.

आमाने कृती सांगितली. नाचणी शिजवावी, पसरून निववावी, मर्चा नावाच्या वड्यांची पूड मिसळून झाकून ठेवावी. चांगली मुरली की भांड्यात घालून कढत पाणी ओतत राहावे. एका भरण्यावर तीन-चार वेळा पाणी चालते. लिंबू समाजात सोयरे आले तरी तोंग्बा, आणि मर्तिकातही तीच. त्या वासाने मला लहानपणची आठवण झाली. बाजाराच्या दिवशी नाचणी घेऊन येणारे शेतकरी आमच्या ओट्यावर बसून गाडग्यातील आंबील पीत, तिचाही असाच आंबूस वास येई. आई आम्हांस जवळ जाऊ देत नसे.

मी हात जोडून सांगितले, "आमा, आमचे व्रत आहे." मनात धाकधूक होती, अतिथ्याचा अव्हेर म्हणजे अपमान. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, भांडे स्वतःकडे ओढले आणि आम्हांस तातो पानी आणून दिले. मग नळी तोंडात धरून ती व्यापाऱ्यासारखी विचारू लागली: तुमच्याकडे कोदोचा भाव काय, दाणा केवढा, कोंडा किती? तासभर आमचा बाजार रंगला. तिचा हा घरचा रिवाज होता, तिने तो विकला नव्हता. कारखान्याच्या दलालाचा चेहरा मात्र राहून राहून डोळ्यांपुढे येत होता.

परत आल्यावर तो सौदा नाकारला. श्रावकाने टाळावयाच्या कर्मादानांत रसवाणिज्य आहे. धान्य त्यात मोडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माल कशासाठी जातो हे समजल्यावर पोत्यांना शिलाई घालण्यास हात धजेना. नफ्याचे साठ हजार गेले. चिरंजीव रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारले, "अण्णा, मग मक्याचे काय? आपला किती मका मद्यार्काच्या कारखान्यांत जातो?" त्याचे उत्तर मजजवळ नव्हते, आजही नाही. तीनशे क्विंटल नाचणी शेजारच्या पेठेतून दोन दिवसांत गेली, हेही कानी आले.

आमाला नमुना पाठवण्याचा शब्द दिला होता. खानापूरकडची जाड नाचणी निवडून पाच किलो टपालाने रवाना केली. महिन्याने तिच्या नातवाचा दूरध्वनी आला. दाणा आमाला फार आवडला. निम्म्याचे पीठ दळून ढिंडो केला, म्हणजे आपल्या नाचणीच्या उकडीसारखा प्रकार. उरलेल्या निम्म्याचे काय केले, ते मी विचारले नाही.