पुस्तक छापले, पण ते सापडणार कुठे?

हैदराबादेतील अफझलगंज हे नाव आपल्याकडील, विशेषतः बीदर-भालकीकडील जुन्या मंडळींना अपरिचित नाही. पाचवे निजाम अफझलउद्दौला यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भागात, मुसी नदीच्या काठी, एक भव्य ग्रंथालय उभे आहे. १८९१ साली ‘आसफिया’ या नावाने ते सुरू झाले, १९३६ मध्ये सध्याच्या इमारतीत आले आणि आज राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून ओळखले जाते. उर्दू, फारसी, तेलुगू, कन्नड यांच्या पंक्तीला तेथे मराठी ग्रंथही आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात, बीदर म्हैसुरात आणि हैदराबाद आंध्रात गेले. माणसे विभागली गेली, तशी वाचकापासून पुस्तकेही दूर गेली.

या शतकाच्या आरंभी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात देशातील अनेक ग्रंथालयांची जुनी पुस्तके पानोपान संगणकात उतरवण्यात आली. अफझलगंजच्या ग्रंथालयातील पुस्तकेही त्यात होती. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले, परंतु त्यातील बहुतेक पुस्तके ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर आजही आहेत. खानापूरच्या शेतकऱ्याचा मुलगा ती आपल्या मोबाइलवर फुकट वाचू शकतो. केवढी ही सोय!

असूनही नसल्यासारखे

परंतु गोम अशी, की ती सापडत नाहीत. नोंदी करताना मराठी नावे रोमन लिपीत, तीही वाटेल तशी लिहिली गेली. ‘ल’ आणि ‘ळ’ यांत फरक उरला नाही. कित्येक नोंदींत लेखकाच्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असे लिहिलेले आहे. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव ठसठशीत छापलेले, आणि नोंदीत मात्र तो बेपत्ता! ज्याचे नाव शोधून सापडत नाही, त्याचे पुस्तक असून नसल्यासारखेच.

आमच्या मते सीमाभागातील आजच्या लेखकांनी यातून धडा घ्यावयास हवा. आपल्याकडे पदरमोड करून पुस्तक काढणारे शिक्षक, कवी, कीर्तनकार गावोगाव आहेत. प्रकाशन समारंभ होतो, शाल-श्रीफळ होते, आणि उरलेल्या प्रती माळ्यावर जातात. पुण्या-मुंबईच्या दुकानदाराने ते पुस्तक ठेवावे म्हटले तरी त्याला ते मागवायचे कोठून हे कळत नाही.

केतकरांचे उदाहरण

काही जण म्हणतील, लेखकाने आपली दवंडी आपणच पिटायची काय? त्यांना आम्ही डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांची आठवण देतो. १९३१ साली हैदराबादेत भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ज्ञानकोशासाठी त्यांनी मंडळी स्थापन केली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले. तेव्हा तेवीस खंड पुरे झाले. आपला ग्रंथ वाचकाच्या दारी नेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. तोच ज्ञानकोश आज संगणकावर वाचावयास मिळतो.

काय करावे?

पहिली गोष्ट, नाव. पुस्तकावर, लेखाखाली आणि इंटरनेटवर ते एकाच पद्धतीने लिहावे; देवनागरीत एक आणि रोमनमध्येही एकच ठरवावे. दुसरी गोष्ट, मजकूर. छापखान्याकडे पुस्तक बहुधा जुन्या फाँटमध्ये जुळवलेले असते. कागदावर ते सुबक दिसते, पण शोधयंत्राला त्यातले एक अक्षर कळत नाही. म्हणून किमान पुस्तकाचे नाव, परिचय आणि अनुक्रमणिका युनिकोडमध्ये करून घ्यावी. तिसरी गोष्ट, आयएसबीएन क्रमांक. तो केंद्र सरकारच्या संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही मिळतो.

चौथी गोष्ट, स्वतःचे एक साधे पान. त्यावर लेखकाचा परिचय, पुस्तकांची यादी, एखादे प्रकरण आणि प्रत कोठे मिळेल हे असावे. केवळ फेसबुकवर विसंबू नये. तेथील मजकूर चार दिवसांत खाली जातो. मात्र विकिपीडियावर आपणच आपल्यावर लेख लिहू नये, ते तेथील संकेताला धरून नाही. संपूर्ण पुस्तक ठेवण्यापूर्वी प्रकाशकाशी झालेला करार वाचावा. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, हे वारसांनीही ध्यानात ठेवावे.

आणि कागदाची प्रत विसरू नये. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत कोलकाता, मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवावयाच्या असतात. आपल्याकडे हे किती जण करतात?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आनंद आम्हालाही आहे. पण सीमेवरच्या खेड्यात आज लिहिली जाणारी मराठी पन्नास वर्षांनी कोणाला सापडणार नसेल, तर त्या दर्जात आपला वाटा कोणता? प्रत्येक गावच्या वाचनालयाने आपल्या पंचक्रोशीतील लेखकांची आणि पुस्तकांची अचूक यादी यंदाच्या मराठी भाषा गौरव दिनापर्यंत तयार करावी. शाळेतील नववी-दहावीची मुले ती एका दिवसात युनिकोडमध्ये टंकून देतील. त्याला ना अनुदान लागते, ना कोणाची परवानगी.